यादीत नसलेला खेळाडू

१

चार पाकिटं मी सरळ फोडली. पाचवं फोडून आतल्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, तर गुरुप्रसादने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, “काकू, हे नाव मी लिहिलेलं नाही.”

आधी मी कोण ते सांगते. मी कमलिनी, वय चौसष्ट. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्याहून जास्त मन लावून कॉप्या पकडल्या. हे गेले तेव्हा माझा मुलगा कौशिक मला इथे दोह्याला घेऊन आला. नववा मजला, खाली पार्किंग, दिवसभर एसीचा घों घों आवाज. सून मधुरा नोकरीवर, नातू शाळेत. तो घरी आला की मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांचं तेवढ्यावर भागतं. पोटभर मराठी बोलायला मिळतं ते महिन्यातून एका शुक्रवारी, आणि तो शुक्रवार मिळतो गोल्फमुळे.

हसू नका. गोल्फचं खूळ गुरुप्रसादचं. गॅसच्या प्लँटवर सेफ्टीचा मोठा इंजिनिअर, स्वतः खेळतो, आणि समजावून सांगायला लागला की समोरच्याला जांभया येतात. दीड वर्षापूर्वी त्याने बाकीच्यांना नादाला लावलं. इथे पैसे लावून खेळणं म्हणजे गुन्हा, नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातील, म्हणून यांनी पैज जेवणाची ठेवली. परदेशात मोठी स्पर्धा असली की बुधवारी संध्याकाळी प्रत्येकाने एका खेळाडूचं नाव चिठ्ठीवर इंग्रजी कॅपिटलमध्ये, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही असं, लिहून पाकिटात बंद करायचं. स्पर्धा गुरुवार ते रविवार. सोमवारी पाकिटं फोडायची. ज्याचा खेळाडू सगळ्यांत खाली राहील तो हरला. त्याने पुढच्या स्पर्धेच्या शुक्रवारी सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलवायचं.

खेळणारे पाच. कौशिक आणि गुरुप्रसाद. नाना, म्हणजे कौशिकचे जुने साहेब, निवृत्तीला आलेले. ईश्वरी, बँकेत काम करते आणि एकटी राहते. आणि मिहीर, परभणीचा, बांधकाम कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, नजमा वस्तीत एका खोलीत चौघं राहतात त्यातला एक. मी खेळत नाही, म्हणून पाकिटं माझ्या ताब्यात. मी ती स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, चकलीच्या डब्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात ठेवते.

तर गुरुप्रसादच्या पाकिटात नाव निघालं ऑल्डन प्रीस. हा प्राणी स्पर्धेत सगळ्यांच्या खाली होता. गोल्फमध्ये जितके कमी फटके तितका माणूस वर. प्रीसने पहिल्याच दिवशी शहाऐंशी फटके मारले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं होतं. गुरुप्रसाद म्हणाला, मी ग्रेनहोल्म लिहिला होता. ग्रेनहोल्म सातवा आला होता.

मग ईश्वरीने हळूच हिशेब मांडला. गुरुप्रसादचा ग्रेनहोल्म धरला तर शेवटचा येत होता मिहीर. प्रीस धरला तर मिहीर वाचत होता आणि गुरुप्रसाद हरत होता. दीड वर्षात, चौदा स्पर्धांत गुरुप्रसाद एकदाही हरला नव्हता.

सगळ्यांनी मिहीरकडे पाहिलं. त्याचं कारण होतं. मागे एकदा तो हरला होता, आणि चौघांच्या खोलीत आठ माणसं बोलावणार कुठे, म्हणून त्याने कॅफेटेरियातून पार्सलं आणली आणि आम्हाला समुद्राकाठी चटईवर बसवलं. वाऱ्याने सगळ्यांच्या भातात वाळू गेली. कुणी काही बोललं नाही, पण तो दिवसभर मान खाली घालून वाढत होता. पुन्हा ती पाळी नको म्हणून त्याने हे केलं, असं सगळ्यांना एका क्षणात पटलं.

नानांनी निकाल दिला. ज्याने कुणी केलं असेल त्याने गुरुवारपर्यंत सांगावं, नाहीतर त्याने यापुढे शुक्रवारी यायचं नाही. नाव त्यांनी घेतलं नाही. मिहीर उठला, बूट घातले आणि गेला. बाकीचा सगळा महिना तो मल्याळी, नेपाळी आणि बिहारी माणसांत राहतो, त्याचा हा एकच दिवस आपल्या माणसांचा.

मी ते पाकीट उचलून दिव्याखाली धरलं. बोर्डाच्या परीक्षेची सवय म्हणून मी प्रत्येकाला पाकिटाच्या झाकणावर आडवी सही करायला लावते. गुरुप्रसादची सही झाकणाच्या कडेपाशी तुटली होती. वरची रेघ खालच्या रेघेला भेटत नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी चष्मा लावून बसले. खरं सांगते, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा मला सकाळी उठून करण्यासारखं काहीतरी होतं.

पाकीट वाफेवर उघडलं होतं. कागद फुगून सुकला की कडेला सुरकुत्या पडतात, त्या होत्या, आणि सहीची शाई तिथे फुटली होती. पाचही पाकिटं मी बुधवारी मधुराच्या ग्लू स्टिकने चिकटवली होती आणि बाकीची चार गुळगुळीत होती. याचं झाकण आतून खडबडीत लागत होतं. मी नखाने खरवडलं. पांढरे, कडक, काचेसारखे कण निघाले.

मी ते बोटावर घेतले आणि मला हसूच आलं. भाताची शितं. लहानपणी आमच्या घरी गोंद कुणी विकत आणलाय? पत्र असो, पतंग असो, वहीचं कव्हर असो, ताटातलं शीत उचलायचं, चुरडायचं आणि चिकटवायचं. इथल्या पोरांना हे माहीतसुद्धा नसेल.

म्हणजे भात शिजलेला होता तेव्हाच हे झालं होतं. बुधवारपासून सोमवारपर्यंत आमच्या घरी भात झाला तो फक्त शुक्रवारी. मागच्या वेळी कौशिक हरला होता, म्हणून जेवण आमच्याकडे होतं. एरवी मधुरा भाताला हात लावत नाही, शुगर वाढते म्हणते, आणि माझ्यापुरती मी दोन पोळ्या लाटून घेते. शुक्रवारी नातू मित्राकडे गेला होता आणि घरात आठ माणसं होती: पाच खेळणारे, मधुरा, मी आणि गुरुप्रसादची बायको शोभा.

आता दुसरी गोष्ट. बुधवारी कौशिकने ऑफिसातून सगळ्या खेळाडूंची यादी छापून आणली होती, तीच बघून सगळ्यांनी नावं लिहिली होती. यादी मी डब्यात पाकिटांच्या खाली ठेवली होती. मी ती काढली आणि बोट फिरवत वाचली. दीडशेच्या वर नावं. एकदा वाचली, उलटीकडून वाचली. भूगोलाच्या बाईला नकाशात गाव शोधायची सवय असते, पण हे गाव सापडेना.

ऑल्डन प्रीस त्या यादीत नव्हताच.

३

बुधवारी जो खेळाडू यादीत नाही, त्याचं नाव बुधवारी बंद केलेल्या पाकिटात कसं जाईल? जाणार नाही. म्हणजे गुरुप्रसाद खरं बोलत होता, चिठ्ठी बदललेली होती. इथवर सगळं सरळ होतं.

मी फोन लावत सुटले. ईश्वरी म्हणाली की ती शुक्रवारी स्वयंपाकघरात गेलीच नव्हती, आणि मग दहा मिनिटं तिच्या बँकेतल्या नव्या मॅनेजरबद्दल बोलत राहिली. मी ऐकून घेतलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला फोन आला की तो सोडवत नाही, हे मला कळतं. नाना वैतागले. “कमलिनीबाई, मुलाने चूक केली, कबूल करावी, खलास. तुम्ही कशाला उकरताय?” मी म्हटलं, मी तीस वर्षं वर्गात उभी राहिले, पण कॉपी सापडल्याशिवाय एकाही पोराचा पेपर काढून घेतला नाही.

संध्याकाळी टॅक्सी करून मी नजमाला गेले. कौशिकला सांगितलं नाही, तो नको म्हणाला असता. मिहीरने मला त्याच्या खोलीवर नेलं नाही. खालच्या कॅफेटेरियात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, तिथे बसवलं आणि कडक चहा मागवला. मे महिन्यातली संध्याकाळ, बाहेर भट्टी, आत टीव्हीवर कुठल्यातरी भाषेतल्या बातम्या. दाढी वाढली होती त्याची. पोरगा चौतीस वर्षांचा आहे, पण त्या दिवशी थकलेला म्हातारा वाटला.

तो म्हणाला, त्याने काही केलेलं नाही. मी विचारलं, शुक्रवारी तू एकटा स्वयंपाकघरात होतास का? तो म्हणाला, होतो. तो नेहमी स्वतःचं ताट स्वतः धुतो, तेव्हा गेला होता. फळीवर हात घातला होता. चकलीचा डबा शोधत होता आणि चुकून शेजारचा उघडला.

“पाकिटं दिसली मला. झाकण लावून ठिवून दिलं,” तो म्हणाला. “काकू, तुम्ही म्हणाल तर मी सांगून टाकतो मीच केलं म्हणून. किमान कुणी विचारायचं तर थांबेल.”

मला इतका राग आला की चहा तसाच ठेवला. न केलेलं कबूल करणारी पोरं मी पाहिलेली आहेत. ती घाबरट नसतात, ती एकटी असतात. मी त्याला सांगितलं, गुरुवारपर्यंत तोंड बंद ठेव, नाहीतर मीच तुझा कान धरीन. तो जरासा हसला आणि मला टॅक्सीपर्यंत सोडायला आला.

परत येताना मनात एकच विचार होता. त्याने डबा उघडला होता हे त्याने स्वतः सांगितलं, आणि हे बाकीच्यांना कळलं की त्याचा निकाल लागलाच.

४

कौशिकला मी रात्रीच्या जेवणाला धरलं. विचारलं, हा प्रीस यादीत नव्हता, मग खेळला कसा? तो म्हणाला, ऐन वेळी कुणी दुखापतीने माघार घेतली की प्रतीक्षायादीतल्या माणसाला घेतात. गुरुवारी दुपारी असंच झालं. त्याने मला त्यांच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला. गुरुवारी दुपारीच मिहीरने लिहिलं होतं: एकाने माघार घेतली, त्याच्या जागी ऑल्डन प्रीस नावाचा नवखा आला. खाली नानांचा अंगठा, ईश्वरीचा अंगठा, कौशिकचा अंगठा, गुरुप्रसादची प्रीसवर चार ओळींची माहिती.

मधुरा म्हणाली, झालं तर मग, नाव सगळ्यांत आधी मिहीरलाच माहीत होतं. कौशिकनेही मान हलवली. दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले की आई, आता पुरे.

मी पोळी ताटात ठेवली. अहो, कॉपी करणारं पोर असतं ना, ते पुस्तकाचं पान फाडून आणतं, पण पुढच्या वर्षीच्या पुस्तकाचं पान आणत नाही. मिहीरला ठाऊक होतं की प्रीस गुरुवारी आला. नानांना ठाऊक होतं, ईश्वरीला, कौशिकला ठाऊक होतं. बुधवारच्या पाकिटात हे नाव घातलं तर चोरी लगेच उघडी पडेल, हे या चौघांपैकी कुणालाही कळलं असतं. त्यांनी यादीतला एखादा वाईट खेळाडू निवडला असता, तसे पन्नास होते. प्रीसचं नाव लिहिणारा माणूस तोच, ज्याला हे काहीच माहीत नव्हतं. त्याने शुक्रवारी मोबाईलवर निकाल बघितला, अगदी खाली गेला आणि जे शेवटचं नाव दिसलं ते लिहून काढलं.

म्हणजे चिठ्ठी बदलणारा खेळणाऱ्यांतला नव्हताच.

राहिलो तिघी: मी, मधुरा आणि शोभा. मी नाही, एवढं मला नक्की माहीत होतं. आणि मधुराला किंवा मला पाकीट चिकटवायचं असतं तर ग्लू स्टिक ओट्याखालच्या खणात होती, हात खाली केला की मिळाली असती. शितं वापरली ती ज्याला या घरातला खण माहीत नाही त्याने.

मग मला चहा आठवला. शुक्रवारी जेवणं झाल्यावर शोभा म्हणाली होती, तुम्ही सगळे बसा, चहा मी बघते. तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेर सगळे टीव्हीवर गोल्फ बघत होते, आणि चहा यायला वीस मिनिटं लागली. आला तो इतका उकळलेला होता की नानांनी अर्धा कप तसाच ठेवला. मला तेव्हा वाटलं होतं, बिचारी सवय सुटल्यासारखी करतेय.

हे मी कौशिकला सांगितलं नाही. मला एक गोष्ट अजून कळत नव्हती: कुठली बायको आपल्याच नवऱ्याला हरवायला जाईल? अंथरुणावर पडल्यावर मी प्रश्न उलटा करून पाहिला. इथे हरणाऱ्याला काय मिळतं?

हरणाऱ्याच्या घरी माणसं येतात.

५

समैस्मा दोह्याच्या उत्तरेला, समुद्राकाठचं गाव. टॅक्सीवाला पाऊण तास सरळ रस्त्याने गेला, दोन्ही बाजूंना वाळू आणि विजेचे खांब. मग भिंती आल्या, भिंतींच्या आत बंगले, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. गुरुप्रसादला प्लँट जवळ पडतो म्हणून कंपनीने घर इथे दिलं आहे. दीड वर्षात मी इथे पहिल्यांदा येत होते. आमच्यापैकी कुणीच कधी आलं नव्हतं.

शोभाने दार उघडलं आणि मला बघून ती दोन पावलं मागे गेली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं, आनंद होता. मला बसवलं, पाणी दिलं, लाडू दिला, शेव दिली, पन्हं करते म्हणाली. मी नको म्हणायच्या आत ती आत गेली. बारा माणसांचं जेवणाचं टेबल होतं. दहा खुर्च्यांवर अजून दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं.

ती पन्हं घेऊन आली. मी पाकीट टेबलावर ठेवलं. नखाने सुटलेले ते कण मी कागदाच्या पुडीत आणले होते, तेही शेजारी ठेवले. काही विचारलं नाही. शाळेतही मी असंच करायची, पुरावा बाकावर ठेवायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचं.

तिने त्यातला एक कण उचलून बोटांत चुरडला.

“आईने शिकवलेलं,” ती म्हणाली. “दुसरं काही सापडेना तुमच्या ओट्यावर.”

मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. तिला गाडी येत नाही. लायसन्ससाठी दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. मुलगी पुण्याला शिकते, फोनवर हो नाही करते आणि ठेवून देते. गुरुप्रसाद पहाटे पाचला जातो, दुपारी साडेतीनला येतो, जेवतो, झोपतो, मग गोल्फ बघतो. या दारावरची बेल वाजते ती पाण्याचे बाटले देणाऱ्याची, आणि तोही बाटले ठेवून पायरीवरूनच निघून जातो.

मी म्हटलं, अगं, पण शुक्रवारी तू सगळ्यांकडे जेवायला येतेस की.

“दुसऱ्यांच्या घरी जेवून येते, काकू. प्रत्येकीच्या हातचं खाल्लं. माझ्या हातचं कुणी खाल्लेलं नाही. इथे मी वीस माणसांचं पुरण घालू शकते, पण वाढू कुणाला?” ती पदराशी खेळत होती. “हे कधी हरतच नाहीत. पहिले येत नाहीत, पण शेवटचेही येत नाहीत. बघून सवरून असा माणूस निवडतात की मध्ये कुठेतरी राहील.”

सेफ्टी इंजिनिअर, मी मनात म्हटलं. हा माणूस जिंकायला खेळत नाही, न हरायला खेळतो.

मला तिची दया आली आणि तिचा रागही आला. मी तिला मिहीरचं सांगितलं. कॅफेटेरियातली खुर्ची, वाढलेली दाढी, आणि न केलेलं कबूल करायला निघालेला माणूस. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सोमवारी ती आलेली नव्हती, आणि गुरुप्रसादने घरी येऊन एवढंच सांगितलं होतं की पाकिटात काहीतरी घोटाळा झाला. ती रडली. तिला वाटलं होतं, हसतील सगळे, गुरुप्रसाद हरला म्हणतील आणि येतील जेवायला. कुणावर आळ जाईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“उद्या गुरुवार आहे,” मी म्हटलं. “त्यांना तू सांगणार की मी?”

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि दारात किल्लीचा आवाज झाला.

६

गुरुप्रसाद आत आला, मला बघून त्याचे डोळे मोठे झाले, आणि पुढच्या क्षणी त्याला टेबलावरचं पाकीट दिसलं. म्हणाला, सापडला का काकू, कोण ते?

शोभा उभी राहिली. मी मध्ये बोलणार नाही असं ठरवलं होतं आणि बोलले नाही. तिने एका दमात सगळं सांगितलं: वाफ, शितं, मोबाईलवरचं शेवटचं नाव. तो ऐकत होता आणि त्याची मान हळूहळू हलत होती, त्याच्या प्लँटवर काही बिघडलं की तो असाच ऐकत असेल. आणि तुम्हाला सांगते, पहिलं वाक्य तो काय बोलला असेल? म्हणाला, प्रीस तर बुधवारी यादीतसुद्धा नव्हता.

मला त्याला एक चापट मारावीशी वाटली.

शोभा नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग त्यालाच आपलं वाक्य ऐकू आलं असावं, कारण तो खाली बसला, प्लॅस्टिक न काढलेल्या एका खुर्चीवर, आणि ते प्लॅस्टिक करकरलं.

“मला सांगायचं होतंस ना,” तो म्हणाला. “चोरी कशाला करायची? मला एकदा सांगितलं असतंस.”

“सांगितलं होतं,” शोभा म्हणाली. “चौदा वेळा. प्रत्येक स्पर्धेच्या आधी सांगितलं, बोलवू या एकदा सगळ्यांना. तुम्ही म्हणालात, एवढ्या लांब उगाच कोण येणार, हरलो की नियमाने येतीलच.”

गुरुप्रसादने चष्मा काढला. तो वाईट माणूस नाही. बायकोला सोन्यात ठेवलं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि घरही खरंच मोठं होतं. तो त्या मोठ्या घराकडे बघत बसला होता, आणि मला वाटतं त्याला ते पहिल्यांदा दिसत होतं. मी लाडूचा तुकडा तोंडात टाकला, कारण काय करावं सुचेना. लाडू फार सुरेख झाला होता.

मग त्याने फोन उचलला. आधी ग्रुपवर लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: चिठ्ठी माझ्याच घरातून बदलली गेली, मिहीरचा काही संबंध नाही, मी त्याची माफी मागतो. हरलो मीच. पुढच्या स्पर्धेची वाट बघायची नाही, उद्या संपला की परवा शुक्रवारी सगळ्यांनी समैस्म्याला जेवायला यायचं.

त्यानंतर त्याने मिहीरला फोन लावला, आणि बेल वाजायला लागल्यावर शोभाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. तिने स्पीकर लावला की चुकून लागला ते मला माहीत नाही, पण आम्हाला ऐकू येत होतं.

ती म्हणाली, मी शोभा बोलतेय, ते नाव मी लिहिलं होतं. तुमच्या नावाला बट्टा लागला तो माझ्यामुळे. मी सगळ्यांसमोर सांगेन. कारणही तिने सांगितलं, न लपवता, जसं मला सांगितलं होतं तसंच.

पलीकडून कॅफेटेरियातला टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं तो फोन ठेवणार, आणि ठेवला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

“वहिनी,” मिहीर म्हणाला, “यांना हरवायची काय गरज होती वो? नुसतं ये म्हटलं असतं तर मी कधीच आलो असतो.”

शोभाने तोंडावर पदर धरला. गुरुप्रसादने फोन घेतला आणि सांगितलं की इकडे बस येत नाही, मी शुक्रवारी सकाळी नऊला तुला घ्यायला येतो. मिहीर म्हणाला, बरं, मी खाली उभा राहतो.